गिरणीगावाचे चेहरे

प्रस्तावना बहुधा शेवटी लिहिली जाते. पुस्तक हातावेगळे झाले, पाने जुळली, की कोणाला तरी चार शब्द लिहायला सांगतात. ही प्रस्तावना मात्र आधी लिहिली आहे. हिंगणघाट आणि पुलगाव या वर्धा जिल्ह्यातल्या दोन गिरणीगावांच्या जुन्या छायाचित्रांचा आणि आठवणींचा संग्रह व्हायला हवा. त्या संग्रहाची पाने आज कोणाच्या ट्रंकेत, कोणाच्या भिंतीवर, तर कोणाच्या बोलण्यात पडून आहेत. ती गोळा करायला निघण्यापूर्वी काय शोधायचे, कसे विचारायचे आणि कशाला भुलायचे नाही, एवढे तरी ठरवून घ्यावे, म्हणून हा खटाटोप.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. हिंगणघाटची नोंद दीडशे वर्षांहून अधिक काळ होत आली. पण ती कापसाची, रुळांची, चात्यांची आणि गठाणींची नोंद आहे. ज्यांनी तो कापूस वेचला, पिंजला, कातला आणि विणला त्यांची नावे त्या नोंदीत नाहीत. ती नावे आता फक्त घरांत मिळतील, आणि घरांतही फार काळ मिळणार नाहीत.

बाहेरच्या माणसांनी या गावाकडे पाहिले ते प्रत्येक वेळी काही तरी मोजायला. १८०२ मध्ये मद्रासजवळ भूमापनाची पायाभूत रेषा आखून विल्यम लॅम्ब्टन उत्तरेकडे मोजत निघाला. हा गृहस्थ उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशायरचा. हैदराबादहून नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला आणि तिथेच त्याला पुरले. त्याचे अपुरे काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे नेले. जगातल्या सर्वांत उंच शिखराला एव्हरेस्टचे नाव मिळाले. लॅम्ब्टनच्या वाट्याला वणा नदीकाठच्या गावातली एक कबर आली, आणि तीही गावातल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. लॅम्ब्टनने जमीन मोजली. त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आलेल्यांनी कापूस मोजला.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस अडला. ओल्डहॅम, ब्लॅकबर्न, प्रेस्टन, बोल्टन अशा गावांतल्या गिरण्या थंडावल्या. हजारो कामगार कुटुंबे मदतीच्या अन्नावर जगू लागली. मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले. इथून जाणाऱ्या कापसाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणत आणि लँकेशायरचा कामगार त्याच्या नावाने बोटे मोडी: धागा आखूड, त्यात माती आणि सरकीचे तुकडे, सूत कातायच्या साच्यावर चढवला की पुन्हा पुन्हा तुटणारा. वर्धा खोऱ्यातली बणी जात मात्र यात उजवी होती. तिचा तंतू मऊ आणि इतर देशी कापसापेक्षा लांब. बाजारात ती ‘हिंगणघाट’ याच नावाने विकली जाई. गावाचे नाव असे मालाचे नाव झाले.

मग सरकारने मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास कॉटन कमिशनर नेमला. हॅरी रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याचे १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धातले अहवाल चाळले, तर कोणत्या बाजारात किती माल आला, कोणते बी पेरावे, कोणत्या रस्त्याने गाड्या न्याव्यात, हे सारे सापडते. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोचली. वर्धा शहर त्याच्या एकच वर्ष आधी, १८६६ मध्ये, पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे ठाणे म्हणून आखून वसवलेले. १८७०च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळशाच्या खाणींपर्यंत फाटा गेला. तोवर बंड्यांच्या रांगांनी दूरच्या बाजारांना जाणारा कापूस आता गठाणी बांधून थेट मुंबईच्या बंदरात उतरू लागला. पुलगाव तर रेल्वेचेच अपत्य. वर्धा नदीवर पूल झाला आणि त्याच्या आधाराने गाव वाढले.

कच्चा माल दारात, कोळसा शेजारच्या तालुक्यात, रेल्वे अंगणात. गिरणी निघायला एवढे पुरेसे होते. नागपूरला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८१ मध्ये, हिंगणघाटची पहिली गिरणी उभी राहिली. ती रायबहादूर बन्सीलाल अबीरचंद या मूळच्या बिकानेरच्या आणि कामठी-नागपुरात पेढी असलेल्या घराण्याची. १८९०च्या सुमारास पुलगावची गिरणी आली आणि शतक उलटण्याच्या बेतात रायसाहेब रेखचंद मोहोता यांची हिंगणघाटातली दुसरी. त्या काळच्या हिंदी गिरण्यांतली यंत्रे बहुतेक लँकेशायरहूनच येत. ओल्डहॅमची प्लॅट ब्रदर्स ही त्यांतली सर्वांत मोठी कंपनी. म्हणजे इथला कापूस जिथे जात होता तिथलेच साचे आणि माग इथे येऊन बसले. लँकेशायरची गावे आणि आपली गिरणीगावे ही अशी एकमेकांची चुलत भावंडे, वाटण्यांवरून भांडलेली.

या चुलत घराने आपल्या आठवणी कशा सांभाळल्या, ते पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॅकबर्नमध्ये सॅगर मिचेल आणि जेम्स केनियन हे दोघे चलच्चित्रे काढून देण्याचा धंदा करीत. गिरणी सुटायच्या वेळी फाटकासमोर कॅमेरा उभा करायचा, बाहेर पडणारी गर्दी टिपायची आणि तीच चित्रफीत जत्रेत किंवा सभागृहात दाखवायची. लोक स्वतःला पाहायला पैसे मोजून येत. त्यांच्या धंद्याचे दिवस संपले आणि फिती विसरल्या गेल्या. १९९४ मध्ये त्यांच्या जुन्या दुकानाची डागडुजी चालू असताना धातूच्या तीन पिंपांत सुमारे ८०० फिती सापडल्या. डोक्यावर शाली घेतलेल्या बायका, कॅमेऱ्याकडे पाहून हसणारी पोरे, टोप्या उंचावणारे गडी, असे एक आख्खे कामगार जग त्यांतून पुन्हा दिसू लागले. पुढे १९३७-३८ मध्ये बोल्टनला हम्फ्री स्पेंडर हा छायाचित्रकार आला. सामान्य माणसांचे रोजचे जगणे नोंदवणाऱ्या मास ऑब्झर्व्हेशन या चळवळीसाठी त्याने दारूचे गुत्ते, रस्ते, दोरीवर वाळणारे कपडे आणि मतदानाच्या रांगा टिपल्या, कोटाआड छोटा कॅमेरा लपवून. तो खात्यापित्या घरातला, दक्षिणेकडचा माणूस. आपण लोकांवर पाळत ठेवतो आहोत ही टोचणी त्याला होती. तरी ती छायाचित्रे राहिली आणि आज बोल्टनच्या संग्रहालयात आहेत.

आपल्याकडे अगदी याच वर्षांत, हिंगणघाटपासून सुमारे ४० किलोमीटरवर, एक कॅमेरा रोज चालू होता. त्याआधीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडला गेलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये लँकेशायरच्या डार्वेन गावी गेले. परदेशी कापडावरील बहिष्काराने तिथल्या गिरण्यांचे काम घटले होते, आणि त्याच गिरण्यांतल्या बाया गांधीजींभोवती हात उंचावून हसत उभ्या आहेत, असे छायाचित्र जगभर गेले. उत्तर इंग्लंडातल्या गिरणीगावाचे एवढे एकच चित्र बहुतेक मराठी माणसांनी पाहिलेले असते. त्यानंतर तीनेक वर्षांत गांधीजी वर्ध्याला राहायला आले आणि १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला गेले. तिथे नात्याने त्यांचे चुलत नातू लागणारे कनू गांधी छायाचित्रे काढू लागले. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या १०० रुपयांत रोलायफ्लेक्स कॅमेरा आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला उभे राहा-बसा म्हणायचे नाही आणि आश्रम या कामाला पैसा देणार नाही.

या अटींमुळेच सेवाग्रामची ती छायाचित्रे इतकी मोकळी उतरली. ते छोटेसे खेडे देशातल्या सर्वाधिक छायाचित्रित खेड्यांपैकी एक झाले. चरखा, टकळी, पेळू, सूत यांची चित्रे आपल्या डोळ्यांत बसली आहेत. पण त्याच जिल्ह्यात, त्याच वर्षांत, हजारो चात्यांवर सूत कातणारी माणसे तीन गिरण्यांत राबत होती. त्यांच्या वाट्याला ना कनू गांधी आले, ना स्पेंडर. वर्धा जिल्हा म्हटले की आपल्याला चरखा आठवतो, भोंगा आठवत नाही. यात कोणाचा कट नाही. पण एका जिल्ह्याच्या सुताची अर्धीच कहाणी चित्रात उतरली, हे खरे आहे.

मुंबईच्या गिरणगावाला निदान शब्द तरी मिळाले. नारायण सुर्व्यांची कविता आली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपावर लेखन झाले. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी शंभराहून जास्त लोकांना बोलते करून गिरणगावाचा मौखिक इतिहास ग्रंथरूपाने मांडला. विदर्भातल्या गिरणीगावांकडे असे कोणी सलगपणे वळले नाही. म्हणून हे काम गावानेच करायचे आहे.

आता काय सापडेल, याचा अंदाज घेऊ. गिरणीगावातली जुनी छायाचित्रे साधारण चार ठिकाणी असतात आणि प्रत्येक ठिकाणचे चित्र वेगळे बोलते.

पहिले ठिकाण कचेरी. इथे इमारती, धुराडे, नवे यंत्र, पाहुण्यांची भेट, कोनशिला असली चित्रे मिळतात. ती नेटकी असतात, त्यांच्यावर तारीख असते, आणि म्हणूनच ती आधी पुस्तकात जातात. त्यांत कामगार असलाच तर यंत्र किती मोठे आहे ते कळावे म्हणून त्याच्याशेजारी उभा केलेला. याला अपवाद खंडेनवमीचा. त्या दिवशी यंत्रे थांबवून, धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होई, आणि अनेक गिरण्यांत बायकापोरांनाही आत येता येई. त्या दिवशीचे एखादे छायाचित्र हाती लागले तर ते शंभर कोनशिलांना भारी समजावे.

दुसरे म्हणजे खात्याचे समूहचित्र. मॅनेजर बदलून गेला, मास्तर निवृत्त झाला, की ब्लोरूम (कापूस मोकळा करण्याचे खाते), साचाखाते, मागखाते अशा एकेका खात्याचा फोटो निघे. या चित्रात कोण कुठे बसले आहे ते आधी पाहावे. खुर्च्यांवर साहेब आणि मास्तर; त्यांच्या दोन्ही बाजूंना जॉबर आणि मुकादम; मागे बाकावर उभे कायम कामगार; पुढे सतरंजीवर मांडी घालून पोरसवदा आणि बदली कामगार. गिरणीची सगळी उतरंड एका कागदावर उतरलेली असते. खाली नावांची ओळ छापलेली असलीच, तर ती खुर्च्यांपाशीच संपते. आपले काम तिथून पुढचे आहे.

तिसरे ठिकाण घर. रंगवलेल्या पडद्यापुढे, संगमरवरी जिन्याच्या आणि तळ्याच्या चित्रापुढे, नवे धोतर नेसून किंवा उसना कोट घालून काढलेला स्टुडिओतला फोटो. लग्नातला मुंडावळ्यांचा. १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाल्यावर पुष्कळ घरांतल्या भिंतींवर बुद्ध आणि बाबासाहेब आले आणि पुढची कौटुंबिक छायाचित्रे त्यांच्या साक्षीने निघू लागली. त्या भिंतीही इतिहासच आहेत. साठीच्या दशकात बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री हा स्वस्त कॅमेरा आला. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. ज्याच्याकडे तो असे त्याला आळीतल्या प्रत्येक बारशाला आमंत्रण असे. घरातला छोटा चौकोनी, पांढऱ्या किनारीचा फोटो बहुधा याच काळातला.

चौथा प्रकार दुर्लक्षिला जातो. गेटपास, ईएसआयचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज यांवरचा फोटो. कित्येक कामगारांचा आयुष्यातला एकच फोटो हा असतो. कामगार वारल्यावर त्याचा मुलगा तोच फोटो स्टुडिओत नेतो, मोठा करून घेतो, शर्टाच्या जागी कोट रंगवून घेतो आणि हार घालून भिंतीवर लावतो. अशा भिंतीवरच्या चित्रामागचे मूळ कार्ड आवर्जून मागावे. रंगवलेल्या कोटाआडचा खरा माणूस तिथे आहे.

एवढे सगळे मिळवूनही काही माणसे चित्रात येणारच नाहीत. त्यांत पहिल्या जिनिंगमधल्या बाया. दिवाळीनंतर कापूस बाजारात आला की जिन सुरू होई आणि उन्हाळा तापेपर्यंत चाले. रेच्यावर कापूस लावणे, रुई उचलणे, सरकी वेगळी करणे ही कामे मुख्यतः बायकांची. १८९१च्या कारखाना कायद्याने बायकांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. पण १९०८ मध्ये कारखाना आयोगाने अहवाल दिला, तेव्हा हंगामी जिनिंगमधले तास त्याच्या कितीतरी पुढे जात असल्याचे उघड झाले. गठाणींच्या थप्प्यांची चित्रे तुम्हाला मिळतील. त्या थप्प्यांआधी रात्री जागणाऱ्या बाईचे चित्र मिळणे कठीण. तिची नात मात्र मिळेल.

दुसरी न दिसणारी गोष्ट जात. मुंबईच्या गिरण्यांत दलित कामगारांना मागखात्यात घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि तिथे विटाळ आडवा येई. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. मागाच्या छायाचित्रात माग दिसतो, त्याच्यापासून लांब ठेवलेला माणूस दिसत नाही. हिंगणघाटात आणि पुलगावात कोणत्या खात्यात कोणत्या वस्तीतले लोक होते, पाण्याचे माठ किती होते, डबा खायला कोण कुठे बसे, हे प्रश्न विचारायचेच आहेत. विचारताना संकोच वाटेल. तरी विचारावे. ज्या कोष्टी घरांचे हातमाग आधी लँकेशायरच्या आणि मग देशी गिरण्यांच्या कापडाने बंद पाडले, त्यांतले कितीजण गिरणीच्या मागावर गेले, हेही अशा बोलण्यातूनच कळेल.

आणि चित्रात आवाज नसतो. गिरणीगावाचे घड्याळ म्हणजे भोंगा. पाळी सुरू होण्याआधी एक, सुरू होताना एक; त्यावर गावाच्या चुली पेटत, शाळा भरत, बाळंतिणीच्या कळांची वेळ सांगितली जाई. मागखात्यात आवाज एवढा की बोलणे अशक्य. लँकेशायरच्या विणकर बाया ओठांच्या ठळक हालचालींनी एकमेकींशी बोलत आणि घरी गेल्यावरही सवय जात नसे. आपल्या मागखात्यात कोणत्या खुणा चालत? मुकादम येतो आहे हे कसे सांगत? धागा तुटला, तंबाखू दे, आज लवकर जायचे आहे, याच्या खुणा कोणत्या? हे ज्यांच्या हातांना आठवते अशी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्या हातांचे चलच्चित्र मोबाइलवर घ्यावे. शब्दांत ते धड उतरणार नाही.

श्वासाचेही तसेच. कार्डिंग आणि ब्लोरूममध्ये वर्षानुवर्षे कापसाचा तूस छातीत गेला की बिसिनोसिस नावाचा फुप्फुसाचा विकार होतो. त्याची खूण अशी की सुट्टीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते. डॉक्टरांनी त्याला नाव दिले. घरच्यांनी दमा, खोकला, म्हातारपण म्हणून सोडून दिले. म्हणून आठवणी विचारताना ‘तब्येत कशी होती?’ असे विचारून भागणार नाही. ‘सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी त्यांना कसे वाटायचे?’ असे विचारावे.

विचारण्याची कला इथेच आहे. ‘पूर्वी कसे होते हो?’ या प्रश्नाला ‘पूर्वीचे दिवस राहिले नाहीत’ याखेरीज उत्तर येत नाही. छायाचित्र समोर ठेवावे आणि बोट ठेवून विचारावे: हा कोण? ही सायकल कोणाची? ती हप्त्याने घेतली होती का? हा दिवा विजेचा की गॅसबत्तीचा? पहिल्या पाळीला किती वाजता निघत? डबा कोण नेऊन देई? पगाराच्या दिवशी फाटकावर कोण कोण उभे असे, सावकार की बायको? बोटाखालच्या वस्तूवरून माणूस आपोआप आत शिरतो.

तरीही एकट्या आठवणीवर विसंबू नये. आठवण दोन संपांचा एक संप करते, वणेचे दोन पूर एका वर्षात आणते, वडिलांच्या पगारात भर घालते आणि भावाच्या नोकरीतून चार वर्षे गाळते. तारखांच्या बाबतीत ती बेभरवशाची आणि भावनेच्या बाबतीत पक्की. छायाचित्राचे उलट आहे. त्या दिवशी कोण तिथे होते हे ते खात्रीने सांगते, पण कोणाचे कोणाशी पटत नव्हते हे सांगत नाही. शिवाय तेही साळसूदपणे खोटे बोलते. कोट उसना असतो, हसू फोटोवाल्याने सांगितलेले असते, पडद्यामागे भिंत ओलीने फुगलेली असते. एकाची दुसऱ्याशी उलटतपासणी केली तरच दोघांचे मिळून काही खरे हाती लागते. संग्रहात छायाचित्राशेजारी ज्याने सांगितले त्याचे शब्द त्याच्या बोलीतच छापावेत, आणि दुसऱ्याने वेगळे सांगितले असेल तर तेही छापावे.

एक सावधगिरी आणखी. गिरणीगावांच्या आठवणींना लवकर सोनेरी रंग चढतो. गिरणी होती तेव्हा गाव कसे गजबजलेले होते, हे सांगताना लोक हरवून जातात, आणि ते खोटेही नसते. पक्की नोकरी, महिन्याचा पगार, बोनस, गिरणीचे नाव सांगितले की मिळणारी उधारी, या गोष्टींना शेतमजुरीच्या तुलनेत मोल होते. पण त्याच श्वासात बारा-बारा तासांच्या पाळ्या, बदलीवाल्याचे फाटकावर ताटकळणे, जॉबरला द्यावी लागणारी चिरीमिरी, पट्ट्यात सापडलेले हात हेही यायला हवे. कामाचा आठवडा ६० तासांवर आला तो १९२२च्या कायद्याने आणि ४८ वर आला तो १९४६च्या. हे तास आपोआप कमी झालेले नाहीत. त्यामागे सभा, संप आणि उपाशी राहिलेली घरे आहेत. त्या सभांचे एखादे छायाचित्र सापडले तर त्यातली गर्दी नुसती गर्दी म्हणून सोडू नये, चेहरे एकेक करून ओळखावेत.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. विसावे शतक सुरू होताना बणीच्या जागी जाडाभरडा पण रुईचा उतारा जास्त देणारा जरी कापूस शेतांत पसरला. नंतर दुसऱ्या जाती आल्या, मग संकरित वाणे, मग बीटी. ज्या कापसाने गावाचे नाव लिव्हरपूलला नेले तो कापूस गावाच्या शेतांतून गेला. १९७४ मध्ये आजारी गिरण्यांच्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्याने बन्सीलाल अबीरचंद गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. पुढे विदर्भातल्या जुन्या गिरण्यांचे जे व्हायचे ते झाले. हिंगणघाटचा कापूस बाजार अजून भरतो, जिनिंग चालतात, नवी यंत्रे असलेल्या सूतगिरण्याही तालुक्यात आहेत. तेव्हा गाव संपले, असा सूर या संग्रहाने लावू नये. संपली ती कामाची एक पद्धत आणि तिच्याभोवती जमलेली वस्ती. तिचा हिशेब मांडायचा आहे.

या कामाला मोठा निधी, संग्रहालयाची इमारत किंवा कोणाचे उद्घाटन लागत नाही. शाळेतल्या नववीच्या वर्गाने एकेक आळी वाटून घेतली, गावच्या वाचनालयाने एक कपाट दिले आणि महाविद्यालयाने नोंदींची एक वही ठेवली, तरी सुरुवात होते. मूळ छायाचित्र घरातून बाहेर नेऊ नये. खिडकीच्या उजेडात, सावली न पडू देता मोबाइलवर त्याची प्रत घ्यावी, पाठीमागच्या बाजूचीही घ्यावी. स्टुडिओचा शिक्का आणि अर्धवट लिहिलेली तारीख तिथेच असते. फाटलेल्या फोटोला सेलोटेप लावू नये, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करू नये. हार घातलेल्या फोटोच्या काचेत ओल शिरली असेल तर काच काढून कोरड्या जागी ठेवावा.

वाचकहो, आपल्यापैकी कोणाचे आजोबा, आजी, वडील किंवा काका हिंगणघाट-पुलगावच्या गिरणीत, जिनमध्ये किंवा प्रेसमध्ये कामाला असतील, तर या दिवाळीला घरात सगळे जमतील तेव्हा जुने फोटो बाहेर काढा. सर्वांत वयस्कर माणसाला मध्ये बसवा. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, दाब न देता, चार गोष्टी लिहा: कोण, कुठे, साधारण कोणत्या साली आणि हे कोणी सांगितले. बॉलपेन वापरू नका, तो पुढे उमटतो. एखाद्याचे नाव आठवले नाही तर तिथे ‘नाव माहीत नाही, साचाखाते’ एवढे तरी लिहा. शेजारच्या घरात ते कोणाला तरी आठवेल. मग त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात नेऊन द्या.